वाया जाणाऱ्या पाण्याची चावी

प्रिय ईरा आणि नील,

मागच्या सोमवारी तुम्ही फोन फिरवून मला तुमच्या स्वयंपाकघरातला नळ दाखवलात. शुद्ध पाण्याच्या त्या छोट्या नळातून दोऱ्यासारखी धार येत होती. "आजी, तू हेच दुरुस्त करायचीस ना?" असं ईरानं विचारलं. मी काही बोलणार तेवढ्यात तुमचे बाबा मागून म्हणाले, "अगं, जुनं झालंय ते. माणूस बघून गेला. नवीन घ्या म्हणाला." मग नीलला शाळेची बस आठवली, फोन बंद झाला आणि तुमच्यापुरता विषय संपला. माझा संपला नाही. दोन दिवस भाजी निवडताना, फिरायला जाताना, ती धारच माझ्या डोळ्यांसमोर होती.

इकडे साताऱ्यात आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी 'कामाच्या आठवणी लिहा' म्हणून संपादक पाठीमागे लागले आहेत. ते मी तुम्हालाच लिहायचं ठरवलं. अंकाच्या वाचकांनी शेजारी बसून ऐकावं. एरवी मी तुम्हाला इंग्रजीत लिहिते, कारण माझं शिक्षण त्या भाषेत झालं आणि तुम्हाला ती सोपी पडते. हे मात्र मराठीत लिहिते आहे, कारण यातली माणसं इंग्रजीत बोललीच नाहीत. तुमचे बाबा वाचून दाखवतील. अडलं तर थांबवून विचारा; त्यांनाही सगळं ठाऊक आहे असं नाही. त्यांच्या लहानपणी मी पुष्कळदा संध्याकाळी उशिरा घरी यायची. कुठून यायची, ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

माझं माहेर सांगलीचं. घरासमोरच्या गल्लीतून उतरलं की कृष्णा. पाणी गोडच असतं, अशी माझी समजूत होती. रसायनशास्त्र शिकले, लग्न होऊन साताऱ्यात आले आणि इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात लागले. पाणी शुद्ध करायची मशिनं तिथं जोडली जायची. आधी मी नुसते पाण्याचे नमुने तपासायची. पुढे तक्रारी आल्या की जायचं कामही माझ्याकडेच आलं. साडी नेसून, हातात पान्यांची पेटी घेऊन बाई दारात उभी राहिली, की लोक आधी माझ्या मागे बघायचे: मेकॅनिक कुठे आहे?

मेकॅनिक असायचाच. त्याचं नाव मारुती, गाव कोरेगावकडचं. वयानं माझ्या बरोबरीचा, हात सोन्यासारखे आणि तोंड सतत चालू. जीप तोच चालवायचा. त्याचा एक ठरलेला निकाल असायचा, "मॅडम, मेंब्रेन गेलं. बदलून टाकू." आणि माझा ठरलेला प्रश्न असायचा, "गेलं ते कळलं. का गेलं?"

आता मेंब्रेन म्हणजे काय, ते सांगते. तुमच्या ओट्याखालच्या त्या पांढऱ्या नळकांड्यात एका पातळ पडद्याची घट्ट गुंडाळी असते. पंप पाण्याला त्या पडद्यावर जोरानं ढकलतो. पडद्यातून पाणी पार होतं, त्यातले क्षार मात्र अलीकडेच राहतात. ते तिथेच साठले तर पडद्यावर पांढरा थर चढेल. म्हणून मशिनला दोन तोंडं ठेवावी लागतात. एकातून शुद्ध पाणी येतं. दुसऱ्यातून उरलेलं पाणी सगळे क्षार धुऊन बाहेर नेतं. लोक त्याला वाया जाणारं पाणी म्हणतात. हे दुसरं तोंड लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

धार कमी झाली की मी एक क्रम पाळायची: पाणी जसं जातं तसं जायचं. आधी मशिनमध्ये पाणी पुरेसं येतं का? मग गाळ अडवणारी कांडी तुंबली आहे का? पंप जोर लावतो आहे का? साठवणाच्या टाकीत हवेचा दाब आहे का? मेंब्रेनचा नंबर सगळ्यांत शेवटी. ते सगळ्यांत महाग, म्हणून दोष आधी त्याच्यावर ढकलला जातो. पण बहुतेक वेळा ते बिचारं निर्दोष असतं.

सांगलीत एक खानावळवाले अण्णा होते. दसरा झाला की त्यांचा फोन हमखास यायचा, "पाणी येईना झालंय हो बाई." पहिल्या वर्षी मी आणि मारुती क्रमानं सगळं तपासत गेलो. काहीच सापडेना. शेवटी मी मशिनवरची पूजा बाजूला केली. अण्णांनी खंडेनवमीला मशिनला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली होती, आणि ती पडू नये म्हणून तिचा दोरा आत येणाऱ्या बारीक नळीला करकचून आवळला होता. नळीच मुडपली होती! दोरा सोडला आणि पाणी आलं.

"अण्णा, पूजा करा, पण माळ नळीला बांधू नका."

"मग कशाला बांधू?" अण्णा कमरेवर हात ठेवून म्हणाले. "मशिनला मान कुठं हाय?"

पुढच्या वर्षापासून मारुतीनं त्यांच्या मशिनशेजारी भिंतीत एक खिळा ठोकून दिला. माळ तिथं. तरीही दसऱ्यानंतरचा फोन चुकला नाही. म्हणे बिघाड काही नाही, बाईंना जेवायला बोलवायचं होतं.

आणि पाचगणीतली एक शाळा. मुलं वसतिगृहात राहायची. तिथल्या मेट्रन बाई दर डिसेंबरात तक्रार करायच्या की मशिन आळशी झालं. मारुती दोनदा जाऊन आला आणि सगळं ठीक आहे म्हणाला. तिसऱ्यांदा मी गेले, टाकीच्या पाण्यात हात घातला आणि पटकन बाहेर काढला. बर्फासारखं! पाणी गार झालं की ते पडद्यातून हळू जातं. यात दोष कुणाचाच नाही. मी मेट्रनना म्हटलं, "तुमची मुलं पहाटे पांघरुणातून बाहेर येतात का पटकन? तसंच हे." छपरावरची टाकी काळी रंगवून उन्हात सरकवली आणि तक्रार पुष्कळ कमी झाली. ईरा, तुमच्याकडे आता बर्फ पडायला लागलं आहे ना? नवीन मशिन घेण्याआधी बाबांना पाण्यात हात घालून बघायला सांग. मशिन जुनं झालं असेलही. पण आधी विचारायचं, का?

मला मुळात सांगायची आहे ती मात्र माण तालुक्यातल्या एका वाडीची हकिगत. वाडीचं नाव लिहीत नाही. तिथल्या बायकांना ते आवडणार नाही.

साताऱ्याहून पूर्वेला निघालं की कोरेगावपर्यंत ऊस हिरवागार असतो. पुसेगाव मागे पडलं की रंग उतरायला लागतो, आणि दहिवडीच्या पुढे नुसती माळरानं. मला तो रस्ता फार आवडायचा. जीपची काच खाली, मारुतीची बडबड चालू आणि लांबवर मेंढरांचा एखादा कळप ढगाच्या सावलीसारखा सरकत असायचा. वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईला हमाली करायचे. घरी बायका, म्हातारी माणसं, मुलं आणि मेंढरं. बोअरचं पाणी इतकं खारं की त्यात डाळ शिजायची नाही, आणि चहा टाकला तर दूध फाटायचं.

एका संस्थेनं तिथं गावासाठी मोठं मशिन बसवून दिलं. जोडणी आमच्या कारखान्याची. मशिन चालवायला सुनंदा होती. तिशीची, बारीक अंगाची, दहावी शिकलेली बाई. घरोघर फिरून अर्जावर सह्या-अंगठे तिनंच घेतले होते. त्याआधी ती शेजारच्या गावाहून सायकलला कॅन बांधून पाणी आणायची. मशिन आलं तेव्हा तिनं त्याच्या खोलीपुढे रांगोळी काढली होती, आणि त्याच पाण्याचा पहिला चहा मला आणि मारुतीला दिला होता. इतका गोड की मारुतीनं विचारलं, "वैनी, पाणी गोड हाय का साखर लय झाली?"

"दोनी," असं सुनंदा म्हणाली.

आठ महिन्यांत धार निम्म्यावर आली. आम्ही मेंब्रेन बदललं. नवं त्याहून लवकर गेलं. संस्थेच्या साहेबांनी पत्रानं नाही, समक्षच सांगितलं, "आमच्याकडे दुसरी गावं रांगेत आहेत. या पाण्यात मशिन टिकतच नसेल तर ते उचलून तिकडे बसवू. येत्या महिन्यात मी स्वतः येऊन पाणी मोजेन. तेव्हा काय ते ठरवू."

आम्ही पोचलो तेव्हा सुनंदा खोलीच्या पायरीवर बसली होती.

"मॅडम, मशिन ऱ्हाईल न्हवं?"

"बघू या. आधी का बिघडतंय ते कळू दे."

"न्हाई, मला आत्ताच सांगा. मालक ममईला बोलवत्यात. दोन वर्सं झाली बोलवत्यात. मशिन हाय म्हणून मी ऱ्हायलीय. मशिन गेलं की कशाच्या नावावर थांबू? पोरींना घिऊन जावं लागंल."

"आणि सासूबाई?"

सुनंदानं समोर बघितलं. बाभळीखाली तिची सासू बायजाआक्का मेंढराच्या पायातला काटा काढत होती. "आत्या येत न्हाईत. मेंढरं सोडून त्या सोरगात बी जायाच्या न्हाईत. त्यांना मी अजून सांगितलं न्हाई."

म्हणजे मशिन गेलं तर वाडीचं पाणी जाणार होतं, आणि एका म्हातारीचं घर रिकामं होणार होतं. हे कळल्यावर पान्यांची पेटी उचलताना ती मला नेहमीपेक्षा जड लागली.

आम्ही क्रमानं गेलो. बोअरचं पाणी पुरेसं. गाळाच्या कांड्या स्वच्छ. सुनंदा त्या वेळेवर धुवायची. पंप ठणठणीत. क्षार चिकटू नयेत म्हणून पाण्यात थेंब थेंब औषध पडतं, तेही बरोबर. मग मारुतीनं मेंब्रेनची नळकांडी उघडली. आतलं टोक चुन्यात बुडवून काढल्यासारखं पांढरं झालं होतं.

"मेंब्रेन गेलं," असं मारुती म्हणाला.

मी बोलायच्या आत त्यानंच हात वर केला. "ठावं हाय. का गेलं."

मी कागदावर हिशेब मांडला. हे पाणी, हे औषध, वाया जाणाऱ्या पाण्याची धार एवढी. तर इतका थर बसायला काही वर्षं जायला हवीत. बसला होता काही महिन्यांत. हिशेब चूक नव्हता, मी तो दोनदा तपासला. मग मला जाणवलं, की आम्ही दोघं आल्यापासून गोड पाण्याच्याच मागे धावत होतो. दुसऱ्या तोंडाकडे कुणी बघितलंच नव्हतं.

वाया जाणारं पाणी किती सोडायचं, ते ठरवणारी एक छोटी गोल चावी मशिनवर असते. जोडणीच्या वेळी मारुतीनं ती नेमकी लावून तिच्यावर तांबड्या रंगाची रेघ मारली होती. हिला हात लावायचा नाही, असं सुनंदाला बजावलंही होतं. चावी रेघेवरच होती. मी चष्मा पुसून जवळ गेले. कडेचा तांबडा रंग झिजून खालचं पितळ चकचकीत दिसत होतं. देवळाच्या घंटेचा लोलक बोटांनी झिजतो, तसं.

"सुनंदा, या चावीला कोण हात लावतं?"

"कोण न्हाई मॅडम. मी पोरींची आन घिऊन सांगते."

ती खोटं बोलत नव्हती. मी मारुतीला मशिन पुन्हा जोडून चालू करायला सांगितलं आणि विषय तिथंच सोडला.

दुपारी सुनंदा पोरींना जेवायला घालायला घरी गेली. आमचंही जेवण तिनं तिकडेच सांगितलं होतं. मी म्हटलं, आमचं इकडेच पाठव. मी आणि मारुती खोलीच्या मागल्या बाजूला, गटारात जाणाऱ्या नळीजवळ सावलीला बसलो. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, कांदा. माडगं म्हणजे कुळथाच्या पिठाची दाटसर आमटी. तशी चव मला साताऱ्यात कधी जमली नाही. गटारात नळीची धार पडत होती, एका लयीत.

अर्धी भाकरी झाली आणि आतल्या मोटरचा आवाज जड झाला. चढावर गाडी घुरघुरते तसा. मारुतीचा घास हातातच राहिला. मी गटाराकडे बोट दाखवलं. धार बारीक होत होत दोऱ्यावर आली, मग नुसती ठिबकायला लागली.

आम्ही आत गेलो. बायजाआक्का चावीवर हात ठेवून, मान वाकडी करून गोड्या पाण्याच्या धारेकडे बघत होत्या. आम्हाला बघून त्या दचकल्या नाहीत. उलट मलाच म्हणाल्या, "या बाई. बगा, कसं भरभर येतंय आता!"

"आक्का, हे तुम्ही रोज करता?"

"रोज कुटलं. ती जेवाया गेली की तेवडंच. ती आली की परत व्हतं तसं करते, तिला आवडत न्हाई."

"अगं म्हातारे, मशिन मारलंस की तू!" असं मारुती डोक्याला हात लावून म्हणाला.

"मी मारलं? तुमचंच मिशन निम्मं पाणी थुकतंय!" आक्का उसळल्या. "टँकरच्या मागं पळून आमची टाचंची कातडी गेली. वाहता नळ दिसला आन पिळला न्हाई, असं ह्या गावात एक माणूस दाव. न्हाणीत जास्त पाणी वतलं म्हणून सासू मला उपाशी ठिवायची. आन हितं दिसभर गटारात धार सोडायची? बगवत न्हाई मला!"

आणि गंमत म्हणजे त्यांनी डोळ्यांनी जे बघितलं होतं, ते खरंच होतं. चावी पिळली की आतला दाब वाढतो आणि त्या घटकेला गोडं पाणी थोडं जास्त येतं. बाहेर न जाणारे क्षार मात्र पडद्यावर बसत राहतात. आजच्या त्या वाढीव हंड्यापायी दोन महिन्यांनी घागर भरत नाही.

सुनंदा तेवढ्यात परतली होती. दारातच उभं राहून तिनं सगळं ऐकलं. हातातली ताकाची कासंडी तिनं खाली ठेवली.

"आत्या, तुमी?"

"म्या काय चोरी केली का?"

"केली असती तर बरं झालं असतं. सायेब मशिन उचलून न्यायला लागलाय. त्येच्यामागनं मी बी चालले पोरींना घिऊन ममईला. बसा मग तुमी चावी पिळत!"

आक्कांनी चावी सोडली. त्यांनी सुनेकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"ही खरं बोलतीय?"

"खरं आहे."

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. म्हणाल्या, "मला आधी का न्हाई सांगितलंस, सुनंदे?"

"सांगून काय, तुमी मेंढरं सोडून येनार हुता?"

माझ्या डिग्रीत हे नव्हतं. मी आक्कांच्या शेजारी खाली बसले आणि मला येत होतं तेवढं केलं, म्हणजे मशिन समजावून सांगितलं. पडदा, दाब, क्षार यातलं एकही नाव न घेता. म्हटलं, "आक्का, बाजरी वाऱ्यावर उफणता ना? भुसकट उडून जायला नको म्हणून कुणी वारा अडवला तर?"

"अडवंल कशाला? भुसकट दान्यातच पडंल की."

"तसंच झालंय. हे गटारातलं पाणी म्हणजे भुसकट आहे. ते जायलाच पाहिजे, तर दाणा चोख येतो."

आक्का विचारात पडल्या. मला वाटलं, पटलं. पण त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "पर बाई, भुसकट आमी कुटं टाकतो? ते जनावर खातं! गटारात कोन वततंय भुसकट?"

मारुती हसायला लागला. मी मात्र हसले नाही, कारण माझ्या डोक्यात आधीच नमुन्याच्या बाटल्या मांडल्या जायला लागल्या होत्या. ते पाणी माणसानं प्यायचं नाही, शेताला घालायचं नाही, जमीन बिघडेल. पण मेंढरं? माणसापेक्षा पुष्कळ खारं पाणी मेंढराला चालतं. किती खारं, ते तपासल्याशिवाय मी बोलणार नव्हते.

दोन बाटल्या भरून साताऱ्याला आणल्या, तपासल्या आणि पशुवैद्यकाला आकडे दाखवले. ते म्हणाले, खुशाल द्या, फक्त मीठ वेगळं चाटायला देऊ नका. पुढच्या आठवड्यात मारुतीनं गटारातली नळी काढून तिला लांब काळी नळी जोडली आणि कुंपणाच्या कडेनं आक्कांच्या मेंढवाड्यापर्यंत नेली. तिथं एक दगडी डोण होती, जनावरांना पाणी पाजायची, किती वर्षं कोरडी पडलेली कोण जाणे. पाणी तिच्यात पडायला लागलं. डोण भरली की ओघळ पलीकडच्या भांडी घासायच्या फरशीवर. पहिल्या दिवशी मेंढरं नुसती वास घेऊन मागे सरली. आक्का त्यांना काय काय म्हणाल्या ते मी इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती प्यायली.

मेंब्रेनला आम्ही सायट्रिक आम्लाच्या पाण्यानं आंघोळ घातली. म्हणजे तुमची आई सरबतात घालते ते लिंबूसत्व. पांढरा थर बराचसा विरघळला. धार परत आली. पहिल्यासारखी नाही, पण पुरेशी.

चावीचं काय करायचं, हा प्रश्न उरला. मारुती म्हणाला, डबी बसवून कुलूप लावू. मलाही ते पटलं होतं. आक्काच म्हणाल्या, "कुलूप नगं. मी बसते." मी सुनंदाकडे बघितलं. तिनं मान हलवली आणि मारुतीला म्हणाली, "दादा, नवीन रंग तेवडा मारा." त्यानं तांबडी रेघ पुन्हा मारली, आधीपेक्षा जाड.

संस्थेचे साहेब ठरल्याप्रमाणे आले. खोलीबाहेर सगळी वाडी जमली होती. त्यांनी घागर लावून धार मोजली, दोनदा मोजली. "ठीक आहे," ते म्हणाले. मग मशिन न्याहाळता न्याहाळता, "आणि हे काय?" म्हणून त्यांनी त्या चावीकडे हात नेला.

फट् करून आवाज आला. कोपऱ्यात बसलेल्या आक्कांनी साहेबांच्या मनगटावर हातातली मेंढरं हाकायची काठी हलकेच मारली होती.

"हात काडा! त्या चावीला हात लावायचा न्हाई."

"अहो आजी, मी नुसतं..."

"आमच्या मेंढरांचं पाणी हाय त्ये."

आधी मारुती हसला, मग दारातल्या बायका, शेवटी साहेबही. सुनंदा हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. पदर तोंडाला होता. साहेबांनी विचारलं, या कोण? "आमच्या आत्या," असं ती म्हणाली. मशिन राहिलं. सुनंदाही राहिली.

नंतरची वर्षं भराभर गेली. आमचा कारखाना बंद झाला. मारुतीचं आता कोरेगावात दुकान आहे. आजकालच्या पोरांना मेंब्रेन बदलायला पाच मिनिटं लागतात, त्याला अजून तास लागतो. "तुमी सवय लावली का विचारायची, गिऱ्हाईक कट्टाळतंय," असं तो मला म्हणतो. मला वाईट वाटतं ते याचं, की आता कुणी दुपारच्या भाकरीपर्यंत थांबत नाही. जड झालेल्या मोटरचा आवाज ऐकायला कुणीतरी तिथं बसलेलं असावं लागतं.

यंदा उन्हाळ्यात मी मारुतीबरोबर वाडीला जाऊन आले. पुसेगावच्या पुढे मी काच खाली केली. तो म्हणाला, "मॅडम, गाडीत एसी हाय." मी म्हटलं, असू दे.

बायजाआक्का चार वर्षांपूर्वी गेल्या. मशिन दुसरं आहे. पहिलं त्याचं वय झाल्यावर गेलं, आणि का गेलं ते विचारायची गरज पडली नाही. खोलीवर नवा पत्रा आहे. सुनंदाचे केस पिकायला लागले आहेत, आणि तिच्या चहात साखर अजून जास्त असते. काळी नळी तीच आहे, डोण तीच आहे, मेंढरं त्याच डोणीत पाणी पितात. सुनंदानं मारुतीला जुनी चावी काढून नव्या मशिनवर बसवायला लावली होती. मी चष्मा पुसून बघितलं. तिच्यावरचा तांबडा रंग कुठेही झिजलेला नाही.